शकुनचं चूलबंद आवतन

"मोजाले बसले असान, त मले धरूनच मोजा."

हे शकुनचं बोलणं. लग्नाच्या पंगतीत पत्रावळ्या मांडणाऱ्या पोरांना ती हे ऐकवायची. सवाऱ्या मोजणाऱ्या ऑटोवाल्याला ऐकवायची. कीर्तनाच्या सतरंज्या अंथरणाऱ्यांनाही सोडायची नाही. लोक हसायचे, अन् हसता हसता एक पत्रावळ जास्तीची मांडायचे.

भातकुलीहून पूर्णा नदीच्या अंगाला निघालं, की दोन्ही बाजूंनी काळी माती पसरत जाते आणि त्या मातीत बोरजवळा बसलेलं आहे. खाऱ्या पाण्याचा पट्टा आमचा. इथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ टाकली, तर सरपण संपतं पण डाळ काही शिजत नाही. म्हणून वरणापुरतं नळाचं गोडं पाणी बाया वेगळ्या पितळी गुंडात भरून ठेवतात. अशा गावात शकुन जन्मली. रांगायची थांबून उभी राहायला लागली होती, तेवढ्यात ताप आला. ताप उतरला, पाय मात्र त्याच्यासोबत गेले. बापानं खांद्यावर टाकून अकोल्याला नेलं. तिथून ती लोखंडी पट्ट्यांचे बूट आणि बगलेतल्या कुबड्या घेऊन आली. पुढं मोठी झाल्यावर त्याच अकोल्यात राहून शिवणकाम शिकली आणि हातानं फिरवायची मशीन घेऊन गावात परतली. मशीन ओट्यावर मांडली. रस्त्यानं जाणारा माणूस तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि तिची जीभ त्याला सुटू देत नसे.

तिचं ते बोलणं कुठून आलं, ते सांगितलं पाहिजे.

ती नुकती अठरा वर्षांची झाली होती. शाळेचे गुरुजी मतदारांची नावं लिहायला घरोघर फिरत होते. ओट्यावर तिचा थोरला भाऊ नत्थुजी उभा होता. त्यानं बोटांवर मोजत सांगितलं, "मी, माही बायको, आमचा बुढा अन् बुढी. झाले चार."

शकुन त्याच्या पायाशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. गुरुजींनी तिच्याकडं पाहिलंही. पण घरच्या कर्त्यानं चार म्हटलं, तर चार.

"दादा," ती म्हणाली, "मोजाले बसले असान, त मले धरूनच मोजा."

नत्थुजी हसला. वाईट माणूस नव्हता तो. बहिणीला त्यानं जत्रेत पाठीवर बसवून फिरवलं होतं. पण मतदान म्हणजे शाळेपर्यंत जाणं, रांगेत उभं राहणं, आणि उभं राहणं शकुनच्या नशिबी नाही, असा त्याचा साधा हिशेब होता. गुरुजी पुढच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शकुन दुधाच्या गाडीत बसून एकटीच भातकुलीला गेली. नावं लावायचं कार्यालय वरच्या मजल्यावर होतं. तिनं आधी कुबड्या वरच्या पायरीवर सरकवल्या, मग पाठमोरी बसून हातांच्या जोरावर स्वतःला वर उचललं. पायरी, कुबड्या, पुन्हा पायरी. वर पोचली तेव्हा साडी मागून मातीनं भरली होती आणि तळहात लाल झाले होते.

बाबू खुर्चीतून उठलाच. "बाई, खालून निरोप पाठवला असता तर मीच आलो असतो."

"निरोप कोनासंगं पाठवू, साहेब? त्यालेबी पाय लागतात."

नाव लागलं. निवडणुकीच्या दिवशी नत्थुजीनं आपण होऊन छकडा जुंपला, वर घोंगडं टाकलं आणि बहिणीला त्यात बसवून शाळेत नेलं. वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेला, "आमच्या घरचे पाच हाओ आमी आता."

या गोष्टीला खूप वर्षं झाली. आईबाप गेले. शकुनच्या केसांत पांढरं शिरलं, लाकडी कुबड्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या आल्या, आणि हातानं फिरवायची तीनचाकी सायकलही मिळाली. शाळेपुढं सिमेंटचा उतार बांधला गेला. नावं लिहायला आता गुरुजी नव्हे, अंगणवाडीची माधवी येऊ लागली. माधवी बौद्धवाड्यातली, हुशार, चालताना अर्धी पळणारी. दिवाळी सरली, तुरीला पिवळी फुलं लागली, आणि माधवी एका दुपारी ब्लाउजचं माप द्यायला ओट्यावर आली.

"काय वो माधवी, नावं झाले का लिहून?"

"झाले न, आत्या. आता येत्या रविवारी शाळेत शेवटचं शिबिर, मंग बंद. यावेळी वरून सांगून राहिले, अपंगाचं एकबी नाव सुटाले नाई पायजे."

"अन् आपल्या गावात किती सुटले?"

"घरच्यायनं सांगतले थे सारे लिवले. एकबी नाई."

शकुननं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "बुधाजीची प्रणाली कुठी गेली मंग?"

माधवीनं मान खाली घातली. बुधाजी ढोकणे म्हणजे गावातलं मातब्बर घर. त्यांची थोरली लेक प्रणाली. जन्मताच तिचे हातपाय आखडले. बोलायची, पण शब्द एकेक करून, ओढून आणल्यासारखे. समजायचं सगळं. गावाला ती आहे हे ठाऊक होतं, आणि तिचं नाव घ्यायचं नाही हेही ठाऊक होतं. कारण तिच्या धाकट्या भावाचं, विपुलचं, लग्न जुळवायचं होतं. मोर्शीकडचं संत्र्याच्या बागांचं स्थळ चालून आलं होतं. घरात असं लेकरू आहे म्हटल्यावर सोयरिक मोडते, अशी बुधाजीला भीती. गावकऱ्यांनीही भलमनसाईनं तोंड शिवून घेतलं होतं.

"बुधाजीकाका दारातच म्हणाले, आमच्या घरी तसं कोनी नाई," माधवी म्हणाली. "मले माहीत हाय, आत्या. लहानपनी मी तिच्यासंगं भातुकली खेळली. पन घरचा मालकच नाई म्हनते, त मी काय करू? घरात घुसू?"

शकुननं चाक पुन्हा फिरवलं. प्रणालीचे गाऊन तीच शिवायची. मागच्या महिन्यात माप घ्यायला गेली, तेव्हा त्या पोरीनं तिचा पदर धरून ठेवला होता. "आत्या... माहं... नाव... लाव ना," म्हणाली होती. एवढं बोलायला तिला जो वेळ लागला, तेवढ्यात तिच्या आईचा, गोदाबाईंचा, चहा उकळून सांडला होता. शकुननं तिला शब्द दिला होता. "लावतो," म्हणाली होती.

आणि आता एकच रविवार उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुननं नत्थुजीला सांगितलं, "दादा, मले मारोतीले रोडगे द्याचे हायेत. रविवारी. साऱ्या गावाले आवतन. चूलबंद."

नत्थुजीच्या हातातला चहा हिंदकळला. "चूलबंद? काहून वो? कोनता नवस होता तुहा?"

"थो मारोतीले माहीत हाय."

चूलबंद म्हणजे साधं आवतन नव्हे. ज्या घराला ते दिलं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही. पाळण्यातल्या लेकरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी पंगतीला यायचं. नाही म्हणायची सोय नसते. घरातलं कोणी मागं राहिलं, तर आवतन देणाऱ्याचा तो अपमान, आणि अशा अपमानावरून दोन घरांचं पिढीभर बोलणं बंद झालेलं गावानं पाहिलं होतं.

शकुन तीनचाकी फिरवत स्वतः दारोदार गेली. प्रत्येक उंबऱ्यापुढं थांबून हळद-कुंकवाचं ताट पुढं करायची. बौद्धवाड्यातही गेली. तिथं आंधळे धर्मपालदादा बसले होते. ते म्हणाले, "पोरी, मी तुह्या मारोतीले नाई मानत."

"मारोतीचा राग नाई, दादा. रोडग्याले त मानता न?"

दादा तोंडभर हसले. "वरन पातळ केलं त उठून चालला जाईन, सांगून ठेवतो."

बुधाजीच्या दारात मात्र तिनं ताट दोन्ही हातांनी धरलं. "बुधाजीभाऊ, चूलबंद हाय. घरात जेवढे जीव, तेवढे."

बुधाजीनं तिच्याकडं रोखून पाहिलं. कळलं त्याला. पण दारावर आलेलं चूलबंद परतवायचं, तेही शकुनचं? त्यानं कपाळ पुढं केलं आणि कुंकू लावून घेतलं.

माधवीला घाम फुटला. "आत्या, जेवन घालून नावं लिवले असं कोनी म्हटलं त मले नोटीस येईन."

"तू मह्या पंगतीत बसूच नोको. तुहा टेबल शाळेत, माहे रोडगे देवळात. मधात रस्ता हाय सरकारचा."

रविवार उजाडला. देवळामागच्या मोकळ्या जागेत नत्थुजीनं गोवऱ्यांची लांब रास रचून पेटवली. बायांनी कणकेचे गोळे एकात एक घालून रोडगे वळले आणि निखाऱ्यांत लोटले. मोठ्या गंजात वांग्याची भाजी, दुसऱ्यात गोड्या पाण्यातलं वरण. भाजलेल्या कणकेचा वास शेतापर्यंत गेला. घरोघरचे लोक आले. पहिली पंगत बसली. बुधाजी पुढच्याच ओळीत होता, शेजारी विपुल. "घरचे मांगून येते," असं बुधाजीनं मोघम सांगितलं होतं.

शकुन बसली नाही. आवतन देणाऱ्यानं शेवटी जेवायचं. कुबड्यांवर उभी राहून ती गावाकडं बघत होती. रास विझून नुसते निखारे उरले होते. गावावर आभाळ निळं, स्वच्छ होतं. एकाही घरावर धूर नव्हता.

आणि मग एका घरावर दिसला. बारीक, सरळ वर जाणारा.

वाढता वाढता कोणीतरी गंमतीनं ओरडलं, "शकुनबाई, तुहं चूलबंद फुटलं वो! कोनाच्या तरी घरून धूर निघून राहिला."

सगळ्या माना वळल्या. कौलं ओळखायला गावकऱ्यांना वेळ लागत नाही. बुधाजीचा हात वरणात तसाच थांबला. कोणी जेवेना.

शकुननं कुबड्या तीनचाकीला मागं बांधल्या आणि ती सीटवर बसली.

"पंगत सोडून कुठी चालली, शकुन?" बुधाजीनं विचारलं.

"यजमानीन हाओ न मी, भाऊ. मह्या चूलबंदात धूर दिसून राहिला. कोन उपाशी रायलं, पाहून येतो."

बुधाजी जागचा उठला नाही. अडवायचं तर घरात कोण आहे ते साऱ्या पंगतीपुढं सांगावं लागलं असतं. रस्ता ओलांडून माधवीही आपली पिशवी घेऊन मागं निघाली.

बुधाजीच्या परसात गोदाबाई चुलीपुढं बसून फुंकर घालत होत्या. भांड्यात ज्वारीच्या कण्या रटरटत होत्या. जवळच सावलीत बाजेवर प्रणाली पहुडली होती. तिला कडक काही खाता येत नसे. आई रोज तिच्यासाठी कण्या मऊ शिजवायची. घरात गॅस होता, पण कण्या चुलीवरच मऊ होतात, हा गोदाबाईंचा ठाम विश्वास. चूलबंदाच्या दिवशी आपला धूर गावभर दिसेल, हे त्या माउलीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तीनचाकीचा आवाज ऐकून त्या दचकल्या. मग शकुनला पाहून त्यांचा तोलच गेला. "लेकराले उपाशी ठेवू का वो मी? चूलबंद हाय म्हनून उपाशी ठेवू?"

"काहून ठेवाचं, गोदावयनी? आवतन तिलेबी होतं."

"तुले माहीत नाई का मोर्शीवाल्याचं? तिले पाह्यलं त थे येईन का मंग आमच्या दारात?"

"वयनी, लग्नात विपुलची माय म्हनून मिरवान, पन पयल्यांदा माय तुमाले हिनंच केलं. हिच्यासाठी चुलीत डोळे फोडून राहिल्या अन् लोकाले सांगता, आमच्या घरी कोनी नाई. तुमाले तरी पटते का?"

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. एकेक शब्द, मध्ये श्वास.

"माय... मले... रोडगे... पायजे. कन्या... नोको."

चौघींपैकी पहिली हसली ती माधवी. मग शकुन हसली. मग गोदाबाईही रडता रडता हसल्या. प्रणालीनं मान वळवून शकुनकडं पाहिलं आणि म्हणाली, "अन्... नाव."

दारात विपुल येऊन उभा राहिला होता. पळत आला होता, छाती भात्यासारखी हलत होती. शकुनला वाटलं, हा आता बापाचा निरोप सांगणार. ती त्याच्याकडं पाहत राहिली. लग्न त्याचं होतं. मोडणार होतं तेही त्याचंच.

"मोर्शीवाल्यानं मले विचारलं होतं, बहिनी किती?" तो म्हणाला. "मी म्हटलं, नाई. तवापासून हिच्याकडं पाहाची हिंमत होत नाई, आत्या. तुमी उतरा बरं खाली."

शकुन उतरली, कुबड्या घेतल्या. विपुलनं बहिणीला बाजेवरून उचललं आणि तीनचाकीवर बसवलं. ती एका बाजूला झुकली, तशी माधवीनं आपली ओढणी सोडून तिला सीटला सैलसर बांधली. गोदाबाईंनी गुंड उचलला आणि चुलीत पाणी ओतलं. चूल फसफसली. पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट कौलांच्या वर चढला आणि विरून गेला.

देवळात बसलेल्या गावानं तो धूर बंद होताना पाहिला.

थोड्या वेळानं गल्लीच्या वळणावरून तीनचाकी निघाली. वर प्रणाली, उन्हानं डोळे मिचकावत. मागून ढकलणारा विपुल. बाजूला कुबड्यांवर शकुन, आणि मागं कण्यांचं भांडं घेतलेल्या गोदाबाई, कारण आईला वाटतं ना, रोडगे नाही चावले तर? कितीतरी वर्षांनी ती पोर गावाच्या रस्त्यावर आली होती. पंगतीत तिला जागा करून दिली गेली. नत्थुजीनं रोडगा फोडला, मधला लुसलुशीत भाग काढला, वरणात कालवला, त्यावर तुपाची धार धरली. बुधाजीसमोरच ती जेवली. बुधाजी उठून घरी निघून गेला.

जेवण झाल्यावर गोदाबाई लेकीला घेऊन रस्ता ओलांडून शाळेत गेल्या.

"घरातल्या कोन्या मतदाराच्या कार्डाचा नंबर लागते," माधवी म्हणाली. "काकाचं कार्ड..."

"त्यायचं काहून? माहं लाव. मी माय हाओ तिची."

प्रणालीनं सही स्वतः केली. 'प्र' काढता काढता पेन दोनदा घसरला. शाळेच्या ओसरीवर मागं उभे असलेले लोक टाचा उंचावून पाहत होते. सही झाली तसा धर्मपालदादांनी मोठ्यानं विचारलं, "झाली का?" आणि "झाली" म्हणताच म्हणाले, "मंग आता माहंबी लिव. लोकं म्हनत होते यादीत नाव लागलं की निराधारचा पगार बंद होते. खरं हाय का पोरी?"

"कोन सांगते असं, दादा? दोन्हीचा काही संबंध नाई."

मग बघण्यासारखं झालं. जेवून घराकडं गेलेली माणसं परत येऊ लागली, आणि रिकामी येईनात. कोणी मुक्या भावाला हाताला धरून आणलं. कोणी बापाला पाठुंगळी. एका घरानं तर म्हातारीला बाजेसकट उचलून आणलं. म्हातारी बाजेवरून सगळ्यांना हात जोडत होती, जशी तिचीच मिरवणूक. ज्यांना गावानं पंगतीत धरलं होतं, त्यांना आता यादीतही धरायची घाई झाली होती. ऊन उतरेपर्यंत माधवीची मान वर झाली नाही. शकुन मात्र तिथं नव्हती. ती देवळात एकटी पत्रावळ घेऊन बसली होती. रोडगे गार झाले होते. तिनं पोटभर खाल्ले.

मोर्शीची सोयरिक मोडली. त्यांनी भांडण केलं नाही, नुसते आले नाहीत. बुधाजीनं शकुनशी बोलणं टाकलं. तिच्या ओट्यावरून जाताना तो मान दुसरीकडं वळवायचा. शकुनला ते लागायचं. पण यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटली तेव्हा विपुलनं त्यातल्या एका ओळीचा फोटो काढून घरी बहिणीला दाखवला, आणि त्याच संध्याकाळी गोदाबाईंनी शकुनच्या घरी पुरणाच्या पोळ्या पाठवल्या.

चैत्रात मतदान आलं. सकाळपासून उन्हानं माती तापली होती. शकुन लवकर मत देऊन आली आणि शाळेच्या लिंबाखाली तीनचाकी लावून बसली. गोदाबाईंना निरोप दिला होता, प्रणालीसाठी सायकल घेऊन जा म्हणून. बराच वेळ कोणी आलं नाही. शकुनच्या मनात धास्ती बसली. आज बुधाजी अडवणार.

मग बुधाजीच आला. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि दोन्ही हातांवर लेक. गावाच्या त्या टोकापासून तिला उचलून चालत आला होता. गळ्यातून घाम ओघळत होता. विपुल मागून "बाबा, द्या न माह्याजवळ" म्हणत होता आणि म्हातारा ऐकत नव्हता. शकुननं उतरून तीनचाकी पुढं केली. त्यानं प्रणालीला तिच्यावर बसवलं. सिमेंटच्या उतारावरून त्यानं स्वतः ती ढकलत आत नेली.

आतली बाई म्हणाली, बोट चालत नसेल तर घरच्या कोणाला सोबत येऊ द्या. प्रणाली म्हणाली, "मी... दाबतो." आणि आत बराच वेळ गेला. बाहेर रांग थांबली होती. उन्हात उभं राहून एकाही माणसानं कुरकुर केली नाही. मग मशीनची ती लांब शिट्टी आली. खिडकीतून अंगणात आली, रांगेवरून गेली, लिंबापर्यंत पोचली. कोणीतरी टाळी वाजवली. शिपाई दटावायला वळला, तोवर सारी रांगच टाळ्या पिटू लागली होती, आणि शिपायानं मिशीत हसून तोंड दुसरीकडं केलं.

बुधाजी लेकीला बाहेर घेऊन आला. शकुनसमोर थांबला. किती महिन्यांनी तो तिच्याशी बोलला.

"हे तुही सायकल, शकुन. हिले घरी सोडून विपुल आनून देईन. तोवर बस सावलीत."

"राहू द्या, भाऊ. आज फिरवा तिले गावातून. मी चालतो."

तिनं कुबड्या बगलेत घेतल्या आणि ती निघाली. कुबड्या पुढं, मग कमरेपासून सगळं अंग, मग पुन्हा कुबड्या. तापलेल्या मातीत त्यांच्या टोकांचे गोल ठसे उमटत गेले. रांगेतले लोक बाजूला सरून तिला वाट देत होते. ती कोणाला टोमणा मारत, कोणाच्या लेकराच्या डोक्यावर टपली मारत पुढं गेली आणि देवळाकडच्या वळणाला लागली.

बुधाजी तीनचाकीचा दांडा धरून तिच्याकडं पाहत उभा होता. उन्हात उभा होता, दुपट्टा खांद्यावर घसरलेला, आणि त्याच्यापुढं बसलेली प्रणालीही मान तिरपी करून त्याच वाटेकडं पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली, "हला... ना. आत्या... चालली."

शकुन वळणापलीकडं गेली तरी बाप हलला नाही.